जमेल तेव्हा

आमच्या रॉसक्रे गावात कुणाला भाड्याच्या घरातून बाहेर काढायचं असेल, तर तो कागद डिम्पना हेहरच्या बोटांखालून गेल्याशिवाय खरा होत नसे. लोरी वकिलाच्या कचेरीत ती एकवीस वर्षं टायपिस्ट. नोटिशीत घर सोडायची तारीख हवी, कारण हवं, शपथपत्र हवं, मुदतीचे दिवस मोजलेले हवेत; एक दिवस कमी भरला तरी कागद रद्दी. डिम्पनाच्या कागदात दिवस कधी कमी भरला नाही. लोरी वकील म्हणायचा, "आमची डिम्पना चुकली तर समजा, कॅलेंडर छापणारा चुकलाय."

मागच्या हिवाळ्यात सरकारने बंदी घातली, की मार्चअखेरपर्यंत कुणाही भाडेकरूला घराबाहेर काढायचं नाही. मार्च उजाडला आणि बातमी आली की बंदी पुढे वाढणार नाही. दुसऱ्या दिवसापासून वकिलाच्या जिन्यावर घरमालकांची रांग. हे काही घोड्यावरून येणारे जुने इंग्रज जमीनदार नव्हेत. कुणी निवृत्त मास्तर, कुणी मेलेल्या मावशीचं घर वाट्याला आलेली नर्स. यायचे, टोपी मांडीवर ठेवून बसायचे आणि हवेबद्दल बोलायचे. आमच्याकडे माणूस फाशीची शिक्षा सुनवायला आला, तरी आधी पाऊस काय म्हणतोय ते विचारील. मग खाली बघत म्हणायचे, "ते... त्या घराचं जरा बघायचं होतं." डिम्पना मान हलवायची आणि कोरा फॉर्म पुढे ओढायची. घराबाहेर काढणं हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे.

कचेरीत कुणालाच ठाऊक नव्हतं की तिच्या स्वतःच्या घरातही तसला एक कागद सप्टेंबरपासून पडून आहे. तो तिने स्वयंपाकघरातल्या येशूच्या तसबिरीमागे खोचून ठेवला होता. तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

नवरा मॅलकी. तीस वर्षं त्याने पाव वाटायची गाडी चालवली. या पंचक्रोशीत असं एक दार नाही जिथे त्याने पहाटे पाव टाकला नसेल. मग बावन्नाव्या वर्षी काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. पहिली दोन वर्षं तो खुर्चीतून उठला नाही. तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्याने भिंतीला हात लावला आणि घर पाठ करायला घेतलं, जशी पोरं पाढे पाठ करतात. पलंगापासून दारापर्यंत पाच पावलं. जिन्याच्या चौदा पायऱ्या, तिसरी कुरकुरणारी. चुलीपासून मागच्या दारापर्यंत सहा, आणि तिथून अंगणाच्या भिंतीपर्यंत अकरा. पुढच्या दारातून कोपऱ्यावरच्या पबपर्यंत दोनशे बारा, परतताना दोनशे वीस, कारण परतताना पावलं आखूड पडायची. पांढरी काठी दारामागे टांगलेली असे. "काठी परक्यांसाठी," तो म्हणायचा. "या घरात मी आंधळा नाही."

ते अक्षरशः खरं होतं. त्याच वर्षी डिम्पना त्याला आठवडाभर कॉर्कला आपल्या बहिणीकडे घेऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी तो जिन्यावरून पडला, मनगट मोडलं. तिसऱ्या दिवशी संडास सापडेना म्हणून पाहुण्यांच्या देखत पँट ओली झाली. साठीकडे झुकलेला बाप्या, तो सगळ्यांसमोर रडला. तेव्हापासून त्याने दुसऱ्या कुणाच्या छपराखाली रात्र काढली नाही, आणि डिम्पनाने पुन्हा तो विषय काढला नाही.

घर फॉन्सी टार्पीचं. फॉन्सी भिंतीपलीकडच्या बैठ्या घरात एकटा राही, एकोणऐंशी वर्षांचा विधुर, मुलगी फिडेल्मा ऑस्ट्रेलियात, एका खोलीचा संसार. हे घर त्याच्या आत्याचं; चौदा वर्षांपूर्वी त्याने ते मॅलकीला हातात हात देऊन भाड्याने दिलं. करार नाही, कागद नाही, आणि भाडं एकदाही वाढवलं नाही. फॉन्सीच्या अभिमानाची गोष्ट एकच. त्याच्या पणजोबाचं घर जमीनदाराच्या माणसांनी ओंडक्याच्या धडका देऊन पाडलं होतं, चुलीतला विस्तव पाणी ओतून विझवला होता. पुढे ती जमीन गावातल्याच ज्या माणसाने घेतली, त्याच्या घराण्याला आजही लोक हडपे म्हणतात, आणि त्यांच्या दुकानातून फॉन्सीने उभ्या जन्मात काडेपेटी घेतली नाही. अशा माणसावर भाडेकरूला उठवायची वेळ आली.

सप्टेंबरात तो परडीभर आलुबुखार घेऊन आला होता, आणि वर एक पाकीट. नाताळचं उरलेलं पाकीट, कोपऱ्यात रॉबिन पक्ष्याचं चित्र. परडी दारात ठेवून तो चहाला न थांबता गेला, तेव्हाच डिम्पनाला काहीतरी खटकलं होतं. आत लिहिलेलं होतं:

"प्रिय मॅलकी आणि डिम्पना, पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही. आमच्या फिडेल्माचं ऑस्ट्रेलियात ठीक चाललेलं नाही. नवरा सोडून गेला. तीन पोरांना घेऊन परत यावं म्हणते. माझ्याकडे तर एकच खोली. तेव्हा तुम्ही दुसरीकडे काही सोय बघू शकाल का, अशी विनंती. घाई मुळीच नाही. तुम्हाला जमेल तेव्हा. लिहिताना फार वाईट वाटतंय. आलुबुखार लवकर संपवा, टिकायचे नाहीत. तुमचा, फॉन्सी."

डिम्पनाने ते आधी टायपिस्टच्या नजरेने वाचलं. तारीख नाही. मुदत नाही. शपथपत्र नाही. एकवीस वर्षांत इतकी निकामी नोटीस तिने पाहिली नव्हती. मग तिने ते माणसासारखं वाचलं, आणि पाकीट ओट्यावर पालथं ठेवलं.

"काय लिहिलंय?" मॅलकीने चुलीपाशी बसल्या बसल्या विचारलं.

डोळे गेल्यापासून त्याचं सगळं वाचन तिच्या तोंडून. विजेचं बिल, पेपरातल्या मयतांच्या बातम्या, भावाची भांडकुदळ पत्रं. तिने आजवर एक अक्षर गाळलं नव्हतं.

"आलुबुखार लवकर संपवा म्हणतात," ती म्हणाली. "टिकायचे नाहीत."

"वा रे वा. ते सांगायला पाकीट लागतं होय म्हाताऱ्याला?" मॅलकी हसला आणि त्याने परडीकडे हात केला.

तिला वाटलं, आठवडाभरात सांगू. मग वाटलं, म्हाताऱ्याला कुणी शहाणा भेटला आणि त्याने खरी नोटीस धाडली, तर सांगू. मग बंदी आली आणि तिला वाटलं, आता कशाला. तिने टाइप केलेल्या नोटिशीने कितीजण उठले याचा हिशोब तिने कधी ठेवला नव्हता. पण या घरात जोवर तारीख लिहिलेला कागद येत नाही, तोवर मॅलकी डोळस आहे, एवढं तिला कळत होतं. ती गप्प बसली.

फॉन्सीही गप्प बसला. रोज सकाळी अकरा वाजता मॅलकी अकरा पावलं मोजून भिंतीशी जायचा, पलीकडून फॉन्सी यायचा, आणि दोघं आमच्या टिपररी जिल्ह्याच्या हर्लिंगच्या, म्हणजे काठी-चेंडूच्या खेळाच्या, टीमची खरडपट्टी काढायचे. फॉन्सीला वाटे, मॅलकीने पत्र वाचलंय आणि भल्या माणसासारखा तो विषय टाळतोय, आपणही टाळावा. मॅलकीला विषयच ठाऊक नव्हता. सहा महिने दोघं भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहून सज्जनपणा करत होते. असा घोटाळा आमच्याच मुलखात होऊ शकतो. दुसरीकडे कुणीतरी एकदा तरी विचारलं असतं.

पाम रविवार, ईस्टरच्या आधीचा, बंदी उठल्यावर दोनच दिवसांनी आला. प्रार्थना आटोपून फॉन्सी आशीर्वाद दिलेली हिरवी डहाळी घेऊन दारात उभा. अंगात कोट, गळ्यात टाय.

"देव भलं करो सगळ्यांचं," फॉन्सी आत येत म्हणाला.

"ये की. टाय बांधलास वाटतं?" मॅलकी म्हणाला.

"तुला रे कसं कळलं?"

"आवाज दाबल्यासारखा येतोय. बस. डिम्पना, चहा टाक."

डिम्पनाने किटली ठेवली. फॉन्सीने डहाळी येशूच्या तसबिरीत खोचायला हात वर केला, तशी ती पुढे धावली. "द्या मी लावते, तुम्ही बसा." तो बसला. हवेबद्दल बोलून झालं. एका शेजाऱ्याच्या गुडघ्याबद्दल बोलून झालं. चहा गार होत आला.

"मॅलकी," फॉन्सी म्हणाला, "आता ते सरकारचं संपलं. म्हटलं आता बोलायला हरकत नाही. हिवाळ्यात बोलणं बरं दिसलं नसतं. फिडेल्माला तिकिटं मिळाली. एक मेला उतरतेय, तिन्ही पोरांसकट. तिथलं घर तिने सोडलं, मैत्रिणीच्या गॅरेजात राहतायत."

"बरं झालं की. पोरीला बघशील तरी."

"तूच तर म्हणालास जानेवारीत. भिंतीशी. 'पोरीला घेऊन ये परत, म्हाताऱ्या, इथं जागाच जागा आहे.' मला काय वाटलं असेल तेव्हा, काय सांगू. मी घरात जाऊन रडलो रे. म्हटलं, माणूस असावा तर असा. मी ते पत्र टाकल्यापासून तू अवाक्षर काढलं नाहीस, तोंड वाकडं केलं नाहीस, आणि वर स्वतःच म्हणालास, बोलाव. म्हणून मी तिला तिकिटं काढायला सांगितली."

डिम्पना चुलीकडे तोंड करून उभी होती. तिला मॅलकीचा चेहरा बघवेना. जानेवारीतलं ते बोलणं तिनेही ऐकलं होतं, कपडे वाळत घालताना. तेव्हाच तिच्या हातातला चिमटा खाली पडला होता. तेव्हाच सांगायचं होतं. सहा महिन्यांत सांगायच्या शंभर वेळा आल्या होत्या, आणि शंभरही तिने दवडल्या होत्या.

"पत्र," मॅलकी म्हणाला.

"आलुबुखारांबरोबरचं."

मॅलकीचा एक शब्द पुरला असता. मला कुणी पत्र वाचून दाखवलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. फॉन्सीने कपाळावर हात मारला असता, फिडेल्माला फोन केला असता, आणि डिम्पना उभ्या गावात आंधळ्या नवऱ्याची पत्रं दडवणारी बाई ठरली असती. डिम्पनाला त्या क्षणी तेही चाललं असतं. ती मनातल्या मनात म्हणत होती, सांग त्यांना, माझी लाज निघू दे, पण सांग.

"हो," मॅलकी म्हणाला. "म्हणालो होतो. बोलाव म्हणालो होतो."

"एप्रिलअखेर जमेल?"

"जमेल."

त्याने हात पुढे केला. फॉन्सीने तो दोन्ही हातांत धरला आणि धरूनच ठेवला. "एकच सांग मला. माझ्या नातवंडांना गावात कुणी हडपे तर म्हणणार नाही ना?"

"म्हणेल त्याचे दात पाडायला डोळे कशाला लागतात?" मॅलकी म्हणाला.

फॉन्सी गेला. मॅलकी खुर्चीत तसाच बसून होता. डिम्पनाने कप विसळले, पुसले, पुन्हा विसळले.

"आण ते," तो म्हणाला. "वाच. सगळं."

तिने तसबिरीमागून पाकीट काढलं आणि पावसापासून आलुबुखारापर्यंत वाचलं. त्याने दोनदा वाचायला लावलं.

"मॅलकी, हे कायद्यात बसत नाही. ही नोटीसच नव्हे. यात तारीख नाही, काही नाही. चौदा वर्षं राहिलोय आपण, आपल्याला दोनशे चोवीस दिवसांची मुदत द्यावी लागते. मी उद्या कचेरीत गेले की चार ओळींचं उत्तर—"

"त्याने शरमेने लिहिलंय."

"शरमेने लिहिलं म्हणून तर निकामी आहे."

"सहा महिने मी त्या माणसाशी गोलकीपरवर गप्पा मारल्या," मॅलकी म्हणाला. "तो रोज वाट बघत असेल मी कधी बोलतोय त्याची. आणि मी त्याला विचारतोय, सेंटरबॅक कुणाला घ्यावा." तो उठला, सहा पावलांत मागच्या दाराशी गेला. "तू आणखी काय काय गाळलंयस गं वाचताना?"

"काही नाही. शपथ घेते."

"हं."

दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला, तेव्हा मॅलकी दारात उभा होता. "जरा वाचून दाखव रे बाबा काय आहे ते," तो पोस्टमनला म्हणाला. गॅसचं बिल होतं. पोस्टमनने ते वाचून दाखवलं आणि आत उभ्या असलेल्या डिम्पनाकडे बावळटासारखं पाहिलं. त्यानंतर रोज तेच. संध्याकाळी ती पेपर हातात घेऊन बसायची, पण मयतांच्या बातम्या आता तो रेडिओवर ऐके. तिला मार दिला असता तर बरं वाटलं असतं.

तरीही तिने ते उत्तर टाइप केलंच. दुपारच्या सुट्टीत, चार ओळी: आपलं पत्र कायद्यानुसार नोटीस ठरत नाही, सबब आम्ही घर सोडण्यास बांधील नाही. एकही चूक नाही. तो कागद पर्समध्ये घालून ती घरी आली, आणि भिंतीपलीकडे नजर गेली. फॉन्सी अंगणात दोन मजली पलंग रंगवत होता. जुना, कुणाकडून तरी आणलेला. एक पाट निळा करून झाला होता, दुसऱ्यावर ब्रश फिरत होता. "निळा चालेल ना गं पोरी?" त्याने विचारलं. "मधली मुलगी आहे, पण तिला गुलाबी आवडत नाही म्हणे."

"चालेल की," डिम्पना म्हणाली. घरात येऊन तिने तो कागद चुलीत टाकला. आपण कुणाला वाचवायला निघालो होतो आणि कुणाला बाहेर ठेवणार होतो, तिचं तिला कळेना. तीन पोरं गॅरेजात. एक आंधळा माणूस. एकच घर. यात वाईट माणूस कोण, ते कुणी दाखवून दिलं असतं तर तिने त्याचे केस उपटले असते.

मग घर शोधणं सुरू झालं. आमच्या गावात त्या महिन्यात भाड्याची सात घरं होती आणि प्रत्येकासमोर तीस-चाळीस माणसांची रांग. त्यातले निम्मेजण डिम्पनाला ओळखत होते. त्यांच्या नोटिशीवर खाली बारीक अक्षरांत टाइप करणारीची आद्याक्षरं होती. एका रांगेत एक बाई तिला म्हणाली, "तुम्ही इकडे कशा? तुम्हाला आता रांगेत माणसं बघायची हौस आली का?" एका घरमालकाने सगळं पसंत केलं, आणि मॅलकीची काठी बघून म्हणाला, "जिना फार उभा आहे हो. उद्या पडले बिडले तर..." दुसरा काही म्हणाला नाही, पण त्याने फोनही केला नाही.

शेवटी ती बेघरांना घरं देणाऱ्या कौन्सिलच्या कचेरीत गेली. काचेमागे एक तरुण मुलगी होती, गोड स्वभावाची, खरोखर मदत करावीशी वाटणारी. "नोटीस दाखवता?" ती म्हणाली.

डिम्पनाने रॉबिनचं पाकीट काचेखालून सरकवलं. मुलीने पत्र वाचलं. वाचता वाचता तिचे डोळे भरून आले.

"किती छान लिहिलंय हो," ती म्हणाली. "पण ही नोटीस नाही."

"मला माहितीय."

"यात तारीखच नाही. 'जमेल तेव्हा' म्हटलंय. म्हणजे कायद्याने तुम्हाला कुणी काढलेलंच नाही. तुम्ही एप्रिलअखेर निघालात तर आपण होऊन निघालात, असं धरावं लागेल. बेघरांच्या यादीत मला तुमचं नाव घालता येत नाही."

"मी नीट नोटीस आणली तर? दहा मिनिटांत आणते. मीच टाइप करते."

"मग त्या तारखेपासून दोनशे चोवीस दिवस मोजायचे. तोवर..." मुलीने खाली बघितलं. "तोवर आमच्या हिशोबी तुम्हाला घर आहे."

ती घरी येऊन हे मॅलकीला सांगायला लागली आणि मध्येच तिला हसू फुटलं, आणि थांबेना. सहा महिने त्या कागदात तारीख नाही म्हणून ती निर्धास्त झोपली होती. तारीख असती तर निदान यादीत नाव असतं. म्हाताऱ्याचा चांगुलपणा त्यांना ना घरात राहू देत होता, ना बेघरांत मोजू देत होता.

"फॉन्सीला सांगू या," ती म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत थांबायला सांगू. मी सांगते. सगळं सांगते, पत्र मी लपवलं तेही."

"आणि त्या पोरांनी नोव्हेंबरपर्यंत कुठे झोपायचं?"

"आणि तू? तू कुठे झोपायचं?"

मॅलकी उठला. त्याने हात पसरून चुलीचा कठडा धरला, मग भिंत, मग दाराची चौकट, आणि जिना चढून वर गेला. तिसरी पायरी कुरकुरली. त्या दिवसांत तो असा सारखा घरभर फिरे. काही आणायला नाही, काही ठेवायला नाही, नुसता हात लावून यायचा.

खोली मिळाली ती शेजारच्या पोर्टलीश शहरात, महामार्गालगत, एका बाईच्या पाहुणेघराच्या मागच्या अंगाला. आठवड्याच्या बोलीने; पाहुण्यांचा हंगाम लागला की सोडायची. स्वयंपाक करायचा नाही, मागच्या जिन्याने यायचं. डिम्पनाला कचेरीला यायला बस होती. ती सकाळी आठला जाणार आणि संध्याकाळी सहाला येणार, आणि मधले दहा तास मॅलकी तिथे काय करणार, हे दोघांपैकी कुणीच बोललं नाही.

एप्रिलचा शेवटचा शनिवार. लोरी वकिलाने आपल्या पुतण्याची व्हॅन पाठवली. सामान फॉन्सीच्या गोठ्यात ठेवलं. खोलीत मावणार होत्या फक्त दोन बॅगा. फॉन्सी फाटकाशी टोपी हातात घेऊन उभा होता. शेवटी व्हॅन सुरू झाल्यावर तो खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "या हं मधूनमधून. जमेल तेव्हा." म्हणाला मात्र, आणि आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. टोपी त्याने तोंडावर धरली.

"सेंटरबॅक बदला म्हणावं," मॅलकी म्हणाला.

पोर्टलीशची खोली पहिल्या मजल्यावर होती. दुपारचे तीन वाजले होते, आणि एवढ्या महिन्यांत पडलं नव्हतं असं ऊन त्या दिवशी पडलं होतं. खिडकी पश्चिमेची, सगळा पलंग उन्हाने भरला होता. डिम्पनाने मॅलकीला दारात उभं केलं आणि हात धरून फिरवायला घेतलं. "हा पलंग. इथे खुर्ची. हे कपाट, याचा कोपरा पुढे आलाय, सांभाळ. बाथरूम डावीकडे, चार पावलं."

"सोड. मी करतो."

तिने हात सोडला. तो दोन पावलं गेला आणि कपाटाच्या कोपऱ्याला आपटला. मागे सरला, तर पलंगाची कड गुडघ्यात बसली. त्याने हात पसरले, आणि हाताला काहीच लागलं नाही. तो जागच्या जागी थांबला. महामार्गावरून ट्रक जात होते, एकामागून एक, आणि त्या आवाजात त्याला भिंती कुठे आहेत ते कळत नव्हतं. त्याची मान कुठल्याशा आवाजाकडे वळली, मग दुसऱ्या आवाजाकडे. आठ वर्षांत डिम्पनाने त्याला असा आंधळा कधी पाहिला नव्हता.

"मॅलकी, बस जरा. पलंग मागेच आहे."

तो बसला नाही. "डिम्पना," तो म्हणाला, "दिवा लाव गं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या तोंडावर ऊन होतं. आठ वर्षांत त्याने एकदाही दिवा लावायला सांगितलं नव्हतं. उलट ती लावायची तेव्हा तो वीजबिलावरून बोलायचा.

तिने पलंगाजवळच्या दिव्याचं बटण दाबलं. एवढ्या उन्हात तो लागला की नाही, कळेना. खोटं बोलायला नको, म्हणून तिने जुन्या बल्बवर तळहात धरला आणि तो तापेपर्यंत तसाच धरून ठेवला.

"लागला?"

"लागला."

मॅलकी अजून हात पसरून उभा होता.

"नीट बघून सांग," तो म्हणाला.